पोटखराबा

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी थोडीफार शेतजमीन आहे, त्यांनी सातबाऱ्याचा उतारा कधी ना कधी हातात घेतलाच असेल. पीककर्जासाठी, वारसनोंदीसाठी, नाहीतर भावाभावांतल्या वाटणीसाठी. त्या उताऱ्यावर लागवडीयोग्य क्षेत्राच्या जोडीला आणखी एक ओळ असते, तिचे नाव पोटखराबा. जिथे नांगर चालत नाही, खडक वर आलेला आहे, जी ओढ्याने खाल्ली आहे किंवा जी रस्त्यासाठी, पाणवठ्यासाठी, स्मशानासाठी सोडलेली आहे, अशी जमीन या ओळीत येते. तिच्यावर शेतसारा बसत नाही. पोटहिस्सा, पोटकलम, पोटजात या शब्दांतले 'पोट' तेच इथले. मोठ्या तुकड्याच्या आत सामावलेला भाग, एवढाच त्याचा अर्थ. मराठीचे विद्यार्थी म्हणून हा शब्द एकदा नीट उच्चारून पाहावा अशी माझी तुम्हांला विनंती आहे. कारण तो ऐकणाऱ्याच्या कानात नेहमी असाच, निरुपद्रवी राहतो असे नाही.

आमच्या सातबाऱ्यावर या ओळीपुढे १.१० हेक्टर असा आकडा आहे. म्हणजे पावणेतीन एकर. बाकीची जमीन काळी, तुरीची. हा तुकडा गावाच्या उत्तरेला, उंचवट्यावर, मुरमाड आणि उघडा. पावसाळ्यात त्यावर गुडघाभर गवत होते आणि दिवाळीनंतर ते पिवळे पडून वाऱ्यावर सळसळत राहते.

दुधनी हे अक्कलकोट तालुक्यातले, महाराष्ट्राच्या अगदी काठावरचे गाव. सोलापूरहून वाडीकडे जाणारी रेल्वे आमचे स्टेशन सोडल्यावर थोड्याच वेळात कर्नाटकात शिरते. बाजार समितीच्या आवारात मी ३१ वर्षे एका आडत दुकानात हिशेब लिहिले. तिथे पट्टी मराठीत लिहिली जाई आणि घासाघीस कानडीत चाले. माझी पत्नी सीमेपलीकडची, अफझलपूर तालुक्यातली. लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठी बोलता येत नव्हते, वाचता तर मुळीच नाही. अक्षरे लावून लावून ती शिकली. हाती लागेल तो कागद मोठ्याने वाचायची तिला सवय होती. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, लग्नपत्रिका, वीजबिल. असाच एकदा सातबारा हाती आला. "पोट खराबा," तिने वाचले आणि वर पाहिले. "पोट खराब? कुणाचं?" आम्ही सगळे हसलो. माझी आई तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

पुढे दहा-अकरा वर्षांनी त्याच घरात, त्याच सोप्यात, कुणीतरी तो शब्द हिच्यासंबंधाने उच्चारला. आम्हांला मूलबाळ झाले नाही, एवढे सांगितले म्हणजे तुम्हांला पुरे. कोण बोलले ते सांगण्यात आता अर्थ नाही. ती व्यक्ती हयात नाही. मी तिथेच उभा होतो आणि काही बोललो नाही, हे मात्र सांगायला हवे. पुढे जे सांगणार आहे, ते त्याशिवाय नीट कळणार नाही.

गेल्या वर्षी माझ्या थोरल्या भावाच्या मुलाने एक प्रस्ताव आणला. आमची जमीन तोच कसतो. कष्टाळू आहे, हिशेबाला चोख आहे, आमच्या दुखण्याखुपण्याला धावून येतो. रस्त्याच्या कामाचा एक ठेकेदार मुरूम शोधत होता. आमच्या माळाचा मुरूम त्याला पसंत पडला होता. गौण खनिजाची परवानगी, स्वामित्वधनाचा भरणा, सगळे तो पाहणार होता. ब्रासमागे जी रक्कम तो देत होता तिची बेरीज दोन वर्षांच्या तुरीइतकी होत होती. मुरूम निघाला की खड्ड्यात तलावाचा गाळ आणून भरायचा, बोअरचे पाणी फिरवायचे आणि जमीन लागवडीखाली आणून सातबाऱ्यावरची ती ओळ दुरुस्त करून घ्यायची, असा पुतण्याचा विचार. "काका, तिथं आज काय पिकतं? कुसळं," तो म्हणाला. त्याचे खोटे नव्हते. मी हिच्याकडे पाहिले. ती काही न बोलता चहाच्या कपबशा उचलून आत गेली. दिवाळीनंतर सांगतो, असे मी म्हणालो.

हिचे त्या माळाशी काय नाते आहे ते मला माहीत होते, पण त्याविषयी आम्ही कधी बोललो नव्हतो. पूर्वी दोन शेळ्या होत्या तेव्हा ती त्यांना घेऊन तिथे जाई. शेळ्या गेल्या तरी तिचे जाणे थांबले नाही. संध्याकाळी तासभर ती तिथे एका खडकावर बसून येते. घरात, ओट्यावर, हळदीकुंकवात, जिथे जिथे माणसे असतात तिथे प्रश्न असतात. माळावर कुणी काही विचारीत नाही.

प्रवासाची गोष्ट निघाली ती त्याच आठवड्यात, अगदी वेगळ्या कारणाने. माझ्या मावसबहिणीची मुलगी आणि जावई अमेरिकेत असतात. ती दोघे दसऱ्याला गावी आली होती आणि त्यांनी मोटारीने केलेल्या एका सफरीची छायाचित्रे फोनवर दाखवली. दक्षिण डाकोटा राज्यातला प्रदेश. आधी क्षितिजापर्यंत नुसते गवत, ज्याला तिकडे प्रेअरी म्हणतात, त्यात गव्यासारखे दिसणारे बायसन. आणि मग अचानक गवत संपून मातीचे सुळके, घळी, पट्ट्यापट्ट्यांचे उघडे डोंगर. त्या भागाला बॅडलँड्स म्हणतात. तिथल्या मूळच्या लाकोटा लोकांनी त्याला 'वाईट भूमी' अशाच अर्थाचे नाव दिले होते आणि केसाळ कातड्यांचा व्यापार करणाऱ्या फ्रेंच लोकांनी 'ओलांडायला वाईट भूमी' असे म्हटले होते. १९७८ साली तिकडच्या सरकारने त्याच भूमीला राष्ट्रीय उद्यान केले. आता लोक तिकीट काढून ती पाहायला येतात. ही बराच वेळ फोन हातात धरून पाहत होती. शेवटी म्हणाली, "अहो, ही तर आपली मड्डीच आहे की."

मड्डी हा आमच्याकडचा कानडी शब्द. काळ्या जमिनीला एरी म्हणायचे आणि खडकाळ, मुरमाड उंचवट्याला मड्डी. सोलापूर शहरातही एका वस्तीचे नाव मड्डी वस्ती आहे. हा शब्द जमिनीला नावे ठेवीत नाही, ती कशी आहे तेवढेच सांगतो. 'माळ' हा शब्दही तसाच. तो कानडीतही आहे आणि मराठीतही. खराबा, पडीक, नापीक हे शब्द नंतर येतात. कुणीतरी जमिनीकडे सारा मागायला जातो तेव्हा.

पाहुणे गेल्यावर मी हिला विचारले, आपणही जायचे का असे कुठे? लग्नाला ३४ वर्षे झाली. गाणगापूर, पंढरपूर, तुळजापूर यांपलीकडे आम्ही दोघेच असे कुठे गेलो नव्हतो, आणि ज्या गावात देव नाही तिथे तर कधीच नाही. माझे एक स्नेही भूगोलाचे शिक्षक होते. गवत पाहायचे असेल तर सोलापूरजवळ नान्नजला जा, आणि घळी पाहायच्या असतील तर संगमनेरकडे प्रवरेच्या काठी जा, असे त्यांनी सांगितले. भूगोलाच्या पुस्तकांत अशा घळींच्या प्रदेशाला उत्खातभूमी असा शब्द आहे. पुतण्याने आपली जुनी चारचाकी दिली. चाकांत हवा भरून, काच पुसून दिली. आम्ही कशासाठी जातो आहोत ते त्याला सांगितले नाही. आम्हांलाही ते तोवर पुरते ठाऊक नव्हते.

पहाटे निघालो. अक्कलकोट, सोलापूर ओलांडून बार्शीच्या रस्त्याला लागलो आणि सकाळच्या उन्हात नान्नजला पोहोचलो. तुम्ही अभयारण्य हा शब्द ऐकून झाडी डोळ्यांसमोर आणाल, तर निराश व्हाल. इथे झाडी नाही. लांबवर उतरत गेलेले गवत, मध्ये कुठे बोरीचे झुडूप, कुठे तरवड, आणि वर प्रचंड आकाश. पवन्या, मारवेल, कुसळी अशी गवते. कुसळी पिकून तांबूस झाली होती आणि तिचे तुरे एकमेकांत पीळ घालून वेण्या घातल्यासारखे दिसत होते. वनखात्याचा एक माणूस आमच्याबरोबर चालत होता. हिने एक काडी तोडून दातांत धरली आणि गवताचे कानडी नाव त्याला सांगितले. त्याने ते आपल्या वहीत टिपून घेतले. त्यामुळे ही इतकी खूश झाली की पुढचा अर्धा तास तीच बोलत होती.

हा माळ राहिला त्यामागची हकिकत ऐकण्यासारखी आहे. १९७२चा दुष्काळ तुमच्यापैकी वयाने मोठ्या असलेल्यांना आठवत असेल, इतरांनी घरात ऐकला असेल. माणसे खडी फोडायला गेली आणि जनावरे दावणीला मेली. त्यानंतर अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमाखाली या भागात काही माळ राखून ठेवण्यात आले. हेतू हा की चराईला विसावा मिळावा, गवत वाढावे, पुढच्या दुष्काळात वैरण हाताशी असावी. पक्ष्याचा विचार त्यात नव्हता. पण गवत वाढले आणि त्यात माळढोक दिसू लागला. १९७९ साली त्याच्यासाठी अभयारण्य जाहीर झाले. ते सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांत मिळून ८,४९६ चौरस किलोमीटरांचे होते. एवढ्या क्षेत्रात गावे आली, शहरे आली, शेते आली. जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली आणि लोक पक्ष्यालाच दोष देऊ लागले. पुढे ते क्षेत्र कमी करून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणले गेले. नकाशावर एवढी मोठी रेघ ओढण्यापेक्षा गवताचे चार तुकडे नीट राखले असते तर बरे झाले असते, असे मला तरी वाटते.

माळढोक आम्हांला दिसला नाही. अलीकडे तो नान्नजला दिसला तर तीच बातमी होते. सगळ्या देशात मिळून दोनशेही उरलेले नाहीत. नर मीटरभर उंच आणि वजनाने १५ किलोपर्यंत. उडणाऱ्या पक्ष्यांत जगातल्या सर्वांत जड पक्ष्यांपैकी हा एक. त्याला समोरचे नीट दिसत नाही, म्हणून तो विजेच्या तारांवर आदळतो. मादी घरटे करीत नाही. उघड्या जमिनीवर, गवताच्या आडोशाला, बहुधा एकच अंडे घालते.

"एकच?" हिने विचारले.

"एकच. तेही कधी कोल्ह्याने नेलं, कधी जनावरांच्या पायाखाली गेलं तर त्या वर्षी काही नाही."

ही गवताकडे पाहत राहिली. मी विषय बदलण्यासाठी लांडग्यांविषयी विचारले. लांडगे आहेत, खोकड आहे, काळवीट तर आहेतच. परतताना माळाच्या कडेला एक धनगर मेंढरे घेऊन उभा होता. त्याला मी तोच प्रश्न केला. लांडगा मेंढरू नेतो का? "नेतो की." मग? "मग काय. त्याचा वाटा असतो." एवढे बोलून त्याने तंबाखू मळायला घेतली. त्याच्या कळपातले एक मेंढरू म्हणजे काही हजारांचे नुकसान. माझ्या हिशेबनिसाच्या डोक्यात तो आकडा उमटला आणि हा माणूस तो कोणत्या रकान्यात लिहीत असेल, याचा विचार मी मोहोळपर्यंत करीत होतो.

सीना ओलांडून मोहोळ, तिथून टेंभुर्णी आणि मग करमाळ्याचा रस्ता. या टापूत दोन्ही बाजूंना ऊस आहे आणि तो उजनीच्या पाण्यावर आहे. १९८० साली भीमेवर हे धरण पूर्ण झाले आणि ज्वारीच्या मुलखात उसाचा हिरवा पट्टा पसरला. पाण्याने माणसांचे भले केले, यात शंका नाही. पण करमाळ्याला पोहोचेपर्यंत हिने चार वेळा विचारले, "माळ कुठं गेला?" करमाळ्याला मुक्काम केला, कमलाभवानीचे दर्शन घेतले. देव नसलेल्या गावी जायचे ठरवूनही तेवढे राहवले नाही.

दुसऱ्या दिवशी वाट वाकडी करून कर्जतजवळच्या रेहेकुरीला गेलो. हे काळविटांचे अभयारण्य १९८० सालचे आणि अगदी लहान, २.१७ चौरस किलोमीटरांचे. काळवीट भरपूर पाहिले. ही म्हणाली, एवढ्याशा जागेत हे सुखी दिसतात. तेथे फार थांबलो नाही. नगरवरून, ज्याला आता अहिल्यानगर म्हणायचे, राहुरी, लोणी असे करीत दुपार कलताना प्रवरेच्या काठाला आलो.

लोणी-प्रवरानगर हे नाव तुम्ही सहकाराच्या इतिहासात वाचले असेल. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी इथे आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. १९५० साली त्याचा पहिला गळीत हंगाम झाला. त्याही आधी, १९२६ साली, वर भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले होते आणि त्याचे पाणी कालव्यांनी या भागात आले होते. तेव्हा रस्त्यावरून पाहणाऱ्याला इथे सगळे हिरवेगारच दिसते. घळी शोधाव्या लागतात. आश्वी मागे टाकून जोर्व्याच्या बाजूला आम्ही एका चहाच्या टपरीवर चौकशी केली, तर तो माणूस चकित झाला. "घळीत काय बघायचंय? तिकडं काहीच नाही."

एका बांधावरून चालत गेलो आणि दोन पावलांवर जमीन संपली.

मी वर्णन करण्यात कुशल नाही, पण प्रयत्न करतो. एखाद्या मोठ्या सपाट भाकरीला कडेने उंदरांनी कुरतडावे तसा नदीचा उंच काठ कुरतडला गेला होता. आमच्या पायांखाली घळ, तिला फुटलेल्या लहान घळी, त्यांना फुटलेल्या ओघळी. मध्ये मातीच्या उभ्या भिंती, सुटे उभे राहिलेले मनोरे, काहींच्या माथ्यावर गवताची एक-एक शेंडी. रंग पिवळसर, विटकरी, कुठे राखाडी. भिंतींत चुनखडीचे पांढरे गोळे अडकलेले होते. या साऱ्याचे कारण साधे आहे. प्रवरेने हजारो वर्षे गाळ आणून टाकला आणि त्याचे जाड थर झाले. मग नदी स्वतःच खोल गेली आणि तिचे काठ उंचावर राहिले. माती मऊ, पावसाचे पाणी उतार शोधत तिच्यात वाटा पाडीत गेले. एकदा वाट पडली की पुढच्या पावसाचे पाणी तीच धरते. डाकोटातल्या सुळक्यांचा विस्तार कितीतरी मोठा आहे, त्यांचे खडक निराळे आहेत, वय निराळे आहे. पण पाण्याचे काम तेच.

आम्ही खाली उतरलो. आत गेल्यावर वाऱ्याचा आवाज थांबला. तळाशी बारीक मऊ माती, तिच्यावर कुठल्याशा पक्ष्याची पावले. हिला एक खापराचा तुकडा सापडला. मला एकदम उत्साह आला. कारण जोर्वे हे गाव पुरातत्त्वात प्रसिद्ध आहे. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९५०-५१ साली तिथे उत्खनन केले. तांबूस पृष्ठावर काळ्या रेघांनी रंगवलेली, तोटीची, चाकावर घडवलेली तिथली भांडी इतकी वैशिष्ट्यपूर्ण निघाली की इसवी सनापूर्वी सुमारे १४०० ते १००० या काळातील दख्खनच्या शेतकऱ्यांची संस्कृतीच जोर्वे संस्कृती म्हणून ओळखली जाते. याच नदीच्या खालच्या अंगाला दायमाबादला १९७४ साली झाडाची मुळे खणताना कांस्याचा रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस सापडली. हे सारे मी हिला भरभर सांगत असतानाच वरून आवाज आला, "ते आमच्या म्हातारीचं रांजण आहे, पाव्हणं. मागल्या साली फुटलं."

बांधावर एक वयस्कर शेतकरी उभा होता. मग तोही खाली आला आणि आम्हां दोघांना त्याने आपली जमीन दाखवली. घळीपलीकडे डाळिंबाची बाग होती. ती सारी एकेकाळी घळच होती, असे त्याने सांगितले. त्याच्या वडिलांनी बैलांच्या केणीने माती ओढून चार-दोन गुंठे सपाट केले. त्याने स्वतः यंत्र लावून उरलेले केले. मनोरे पाडले, घळी बुजवल्या, वर बाग लावली. "पहिली दोन वर्षं मोठा पाऊस आला की झोप लागायची नाही. भराव आतनं पोखरतो. वरनं जमीन चांगली दिसती आणि एक दिवस झाड उभंच्या उभं खाली जातं." अजूनही जाते का, असे मी विचारले. "जातं की. पाणी आपली जुनी वाट विसरत नाही."

मग हे कशाला केले, असा प्रश्न बहुधा माझ्या चेहऱ्यावर उमटला असावा. तो रागावला नाही. म्हणाला, "तुम्हांला बघायला हे बरं दिसतं. मला दोन पोरं शिकवायची होती. याच बागेवर शिकली." त्याने आम्हांला दोन डाळिंबे दिली आणि पैसे घेतले नाहीत. वाचकहो, मी ही सफर एका बाजूने सांगू शकलो असतो. पण त्या माणसाचे म्हणणे वगळून सांगितली असती तर ती खोटी झाली असती. माझ्या पुतण्यालाही दोन मुले आहेत.

तो गेल्यावर आम्ही घळीच्या तोंडाशी बसलो. ऊन तिरपे झाले होते आणि भिंतींवरच्या ओघळींच्या सावल्या लांबत होत्या. हिने डाळिंब फोडले. दाणे काढता काढता, माझ्याकडे न पाहता ती म्हणाली,

"तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत."

कधी, असे मी विचारले नाही. तेवीस वर्षे झाली होती, पण विचारायची गरज नव्हती.

"नाही बोललो," मी म्हणालो.

"मला वाटायचं, तुम्हांलाही तसंच वाटतंय."

"तसं नव्हतं. भ्यालो होतो."

"कुणाला?"

याचे उत्तर मला देता आले नाही. तिने डाळिंबाची अर्धी फोड माझ्या हातात ठेवली. बराच वेळ आम्ही दाणे खात बसलो. मग तिने उठून पदर झाडला आणि त्या मातीच्या भिंतीवर तळहात टेकवून, जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा फिरवला. थोडी माती सुटून खाली पडली. "हे पण खराबच म्हणायचे ना पुस्तकात?" तिने विचारले. पुस्तकात उत्खातभूमी म्हणतात, असे मी सांगितले. तो शब्द तिला दोनदा उच्चारून पाहावा लागला. "हा बरा आहे," ती म्हणाली. "यात कुणाची चूक काढलेली नाही."

संगमनेरला रात्र काढून आम्ही परत फिरलो. परतीच्या प्रवासात सांगण्यासारखे काही नाही. गाडी मिरजगावला एकदा पंक्चर झाली, एवढेच.

दुधनीला पोहोचलो तेव्हा सूर्य मावळायला आला होता. घरी न जाता हिने गाडी माळाकडे घ्यायला सांगितली. ती आपल्या खडकावर बसली आणि साडीच्या काठातली कुसळे एक-एक करून काढू लागली. नान्नजची कुसळे तीन दिवस आमच्याबरोबर फिरली होती. या गवताच्या बीला एक लांब, पिळलेली शेपटी असते. हवेत ओल आली की पीळ सुटतो, कोरडे झाले की पुन्हा बसतो आणि असे फिरत फिरत बी स्वतःच जमिनीत शिरते. ही ती कुसळे काढून बाजूला टाकत होती. आमच्या माळावर तीच कुसळी आधीपासून आहे. त्यामुळे त्यात विशेष काही घडत होते असे नाही.

गाडी उभी पाहून पुतण्या मोटारसायकलवरून आला. प्रवास कसा झाला ते त्याने विचारले, चाके तपासली, किल्ली घेतली. मग थोडे थांबून म्हणाला, "काका, तो ठेकेदार उद्या येतोय. काय सांगू?"

हिने मान वर केली नाही. हात मात्र थांबले.

"मुरूम काढायचा नाही," मी म्हणालो. "खालच्या अंगाला ओढ्याकडची दहा-बारा गुंठे तुला सपाट करायची असतील तर कर. वरचं असंच राहील."

"असंच म्हणजे? काही न करता?"

"असंच."

तो नाराज झाला. लपवण्याचा त्याचा स्वभाव नाही. पैशांचा आकडा त्याने पुन्हा एकदा सांगितला आणि मी तो पुन्हा एकदा ऐकून घेतला. हिशेब त्याचा बरोबरच होता. मग तो म्हणाला, "आणि तुमच्यानंतर?"

"त्यानंतर तू आहेसच की," ही म्हणाली आणि पुन्हा काठाशी वाकली.

त्याने काही उत्तर दिले नाही. मोटारसायकल तिथेच ठेवून, गाडीची काच खाली करून तो निघून गेला. आम्ही अंधार पडल्यावर चालत घरी आलो. दिवाळी गेली, तुरीची काढणी झाली. सातबाऱ्यावर ती ओळ आणि तिच्यापुढचा १.१० हा आकडा आहे तसाच आहे. मधूनमधून पुतण्याची एक तक्रार असते. गाडी दोनदा धुऊन घेतली, तरी काकूच्या बाजूच्या सीटमध्ये अजून कुसळे टोचतात.